शेडर व बेझल (रेट्रो गेम)

जुने व्हिडिओ गेम इम्युलेटरवर खेळताना मूळ पडद्याचे रूप परत आणणारी दोन साधने. शेडर हा ग्राफिक्स चिपवर चालणारा छोटा प्रोग्रॅम. तो प्रत्येक फ्रेमला पिक्चर ट्यूबच्या रेषा, ठिपके आणि झळाळी देतो. बेझल म्हणजे चित्राभोवतीच्या मोकळ्या जागेत बसवलेली चौकट.

याला नुसते स्मरणरंजन म्हणता येत नाही. ‘सॉनिक द हेजहॉग’मधला (१९९१) धबधबा उभ्या पट्ट्यांचा आहे. मेगा ड्राइव्ह कन्सोलच्या कॉम्पोझिट तारेतून टीव्हीवर येताना त्या पट्ट्या एकमेकींत मिसळत आणि पाणी पारदर्शक भासे. आजच्या पडद्यावर नुसते गज दिसतात. इथे ट्यूबचा शेडरही एकटा पुरत नाही; आधी सिग्नलची नक्कल करणारा एनटीएससी शेडर लागतो. चौकटीसोबतच्या कलाकृतीचेही तसेच. तैतोच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’चा (१९७८) मॉनिटर कृष्णधवल होता, रंग यायचा तो पडद्यावरच्या रंगीत पट्ट्यांमुळे. ती कलाकृती वगळली तर गेमच अपुरा.

अनेक इम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या रेट्रोआर्चमध्ये मांडणी करताना आधी मापे पाहावीत, सजावट नंतर. १९२० × १०८० च्या पडद्यावर ४:३ चित्र १४४० पिक्सेल रुंद होते आणि दोन्ही बाजूंना २४०-२४० उरतात. चौकट तिथे बसते. सुपर निन्टेन्डोचे चित्र बहुधा २२४ ओळींचे. चौपट केले तर उंची ८९६, पाचपट केले तर ११२०, म्हणजे कडा कापल्या जाणार. मधले अपूर्णांकी माप घेतले की रेषा कुठे जाड, कुठे बारीक दिसतात. म्हणून ‘इंटिजर स्केल’ चालू करावे. मात्र चौकटीच्या पीएनजी चित्रातली खिडकी पूर्ण उंचीसाठी कापलेली असेल, तर वर-खाली काळी पट्टी राहते. तेव्हा खिडकी ८९६ ला जुळणारी हवी. ओव्हरलेची, म्हणजे या चौकटीच्या चित्राची, अपारदर्शकता १ ठेवावी, नाहीतर चौकट धुरकट दिसते.

शेडरचा ‘स्लँग’ स्वरूपातला प्रीसेट (तयार मांडणी) व्हल्कन ड्रायव्हरवर चालतो. तो कोअरपुरता (रेट्रोआर्चमधल्या एका इम्युलेटरपुरता) किंवा एकेका गेमपुरता जतन करता येतो. ‘सीआरटी-जिओम’ हलका, ‘सीआरटी-रॉयल’ जड. ‘मेगा बेझल’ चौकट आणि तिच्यावरचे प्रतिबिंब शेडरमध्येच रेखाटतो. वेगळा ओव्हरले लागत नाही, पण दमदार ग्राफिक्स कार्ड लागते. आर्केड गेमच्या मेम इम्युलेटरमध्ये काम सोपे: गेमच्याच नावाची झिप फाइल ‘आर्टवर्क’ फोल्डरमध्ये ठेवली की झाले.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘कॅसेट’ घालून खेळायचे गेम बहुधा टीव्हीच्या अँटेनाच्या खाचेतूनच जोडले जात. ती आठवण जागवायची असेल, तर स्टुडिओ मॉनिटरची नक्कल करणारे काटेकोर शेडर उपयोगाचे नाहीत. आणि १०८० च्या पडद्यावर गेमच्या एका ओळीला जेमतेम चार पिक्सेल मिळतात. तेवढ्यात ट्यूबची बारीक जाळी नीट उमटत नाही, तिला ४के पडदाच हवा.