चरित्रनायकाला न विचारता

आपल्याकडे कोणाचा गौरवग्रंथ निघावयाचा असला, म्हणजे सत्कारमूर्तीला त्याची कुणकुण महिनोन् महिने आधी असते; कित्येकदा लेखकांची यादीही तिच्याच घरी तयार होते. अमेरिकेत मात्र गेल्या शतकाच्या मध्याला चरित्रकथनाचा असा एक प्रकार निघाला, की ज्यात चरित्रनायकाला अखेरच्या क्षणापर्यंत काही कळू द्यावयाचे नाही, हाच मुख्य नियम. ‘धिस इज युवर लाइफ’, म्हणजे ‘हे पाहा तुमचे आयुष्य’, हे त्या कार्यक्रमाचे नाव.

त्याचा जनक राल्फ एडवर्ड्स हा रेडिओवर ‘ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’ नावाचा हसवणुकीचा कार्यक्रम करीत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने त्याला विचारले, की अर्धांग लुळे पडून इस्पितळात खितपत असलेल्या सैनिकांसाठी तुम्हाला काही करता येईल काय? १९४६ साली त्याने अशा एका जखमी तरुणाला त्याचे मागले आयुष्य ऐकवून पुढच्याची उमेद दिली. मूळ हेतू असा निर्मळ होता, हे मान्य केलेच पाहिजे. त्यातूनच १९४८ साली हा कार्यक्रम रेडिओवर आला आणि १ ऑक्टोबर १९५२ पासून तो टेलिव्हिजनवर दिसू लागला.

रचना साधी. घरची माणसे कटात सामील करून घ्यावयाची. काही निमित्त सांगून माणसाला बोलावून आणावयाचे आणि हातात पुस्तक घेतलेल्या एडवर्ड्सने त्याला एकदम गाठावयाचे. मग पडद्याआडून एक ओळखीचा आवाज येई, आणि पाठोपाठ जुना मास्तर किंवा दुरावलेला भाऊ पुढे येऊन उभा राही. ज्याचे आयुष्य, त्याने फक्त ऐकावयाचे आणि डोळे पुसावयाचे. नटनट्या पुष्कळ आल्या. लॉरेल आणि हार्डी ही विनोदी जोडीही १९५४ साली अशीच पकडली गेली. तयारीवाचून लोकांपुढे उभे केल्याबद्दल लॉरेल नाराज होता. आयुष्यभर एकेक विनोद घासूनपुसून मांडणाऱ्या कारागिराची ही नाराजी मला तरी रास्त वाटते.

पण नटांपेक्षा वेगळी अशी दोन माणसे मला महत्त्वाची वाटतात. २७ मे १९५३ रोजी हाना ब्लॉक कोनर ही ज्यू स्त्री आली. नाझींच्या ऑशविट्झसह अनेक छळछावण्यांतून ती वाचलेली. अमेरिकेच्या घराघरांतून अशा छळाची कहाणी एका जिवंत माणसाला समोर बसवून सांगितली गेली, ती तोवर जवळजवळ प्रथमच. तिचा भाऊ त्यासाठी इस्राएलहून आणला होता.

आणि ११ मे १९५५ रोजी हिरोशिमाचे पाद्री कियोशी तानिमोतो. अणुबाँबने भाजलेल्या २५ मुलींना शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत आणण्याच्या खटपटीत ते होते. आपली साधी मुलाखत आहे, अशा समजुतीने ते गेले. तेथे त्यांच्यापुढे उभा करण्यात आला कॅप्टन रॉबर्ट लुइस, म्हणजे बाँब टाकणाऱ्या विमानाचा सहवैमानिक! दोन मुली पडद्यामागे नुसत्या सावल्यांसारख्या दाखविल्या. तानिमोतोंची दहा वर्षांची मुलगी कोको तेथे होती. बाँब पडला तेव्हा ती तान्ही होती आणि ज्यांनी तो टाकला त्यांचा ती द्वेष करी. लुइसच्या डोळ्यांत पाणी पाहून तिने त्याचा हात धरला, असे ती पुढे अनेक वर्षे सांगत आली. एडवर्ड्सने मदतीचे आवाहन केले आणि लोकांनी सुमारे ५०,००० डॉलर पाठविले.

कामगारसंघटनेत जन्म घालविलेल्या माणसाला खोड असते, की पैसा कोणाचा हे तो आधी विचारतो. पैसा ‘हेझल बिशप’ या प्रसाधनांच्या कंपनीचा होता. हिरोशिमाच्या त्या अर्ध्या तासातही नखे रंगविण्याच्या रंगाची जाहिरात झालीच. गंमत अशी, की न पुसल्या जाणाऱ्या लिपस्टिकचा शोध लावून कंपनीला नाव देणाऱ्या हेझल बिशपबाईंना बड्या भागधारकाने १९५४ सालीच बाहेर काढले होते. रडे तानिमोतोंचे, नाव बिशपबाईंचे, आणि गल्ला तिसऱ्याचाच!

१९५५ च्या जुलैमध्ये बी.बी.सी.ने हा कार्यक्रम इंग्लंडात नेला. पहिलाच बकरा ठरला खुद्द पुढे सूत्रधार झालेला इमॉन अँड्र्यूज. कारण ज्याला गाठावयाचे त्याचे नाव वर्तमानपत्राने आधीच फोडले होते. तेथले ते लाल पुस्तक पुढे घरोघरी ओळखीचे झाले. आपल्याकडे फारुख शेख यांचा ‘जीना इसी का नाम है’ हा कार्यक्रम याच धर्तीचा, हे अनेकांना आठवेल.

१९६१ च्या जानेवारीत इंग्लंडच्या फुटबॉलपटूंच्या संघटनेने संपाची तयारी दाखवून आठवड्याला २० पौंडांची वेतनमर्यादा मोडून काढली. पुढल्याच महिन्यात टॉटनहॅम संघाचा कर्णधार डॅनी ब्लँचफ्लॉवर याच्यापुढे अँड्र्यूज ते पुस्तक घेऊन उभा राहिला. या दोन गोष्टींचा संबंध होता असे मी म्हणत नाही. ब्लँचफ्लॉवर ‘नाही’ म्हणाला आणि चालता झाला. तोवर त्या कार्यक्रमाला असे कोणी सांगितले नव्हते. आपले खासगी आयुष्य ही आपली बाब आहे, एवढेच त्याचे कारण होते. अमेरिकेतला मूळ कार्यक्रम त्याच वर्षी थांबला. इंग्लंडातला मात्र मधले खंड सोडता २००३ पर्यंत चालला.