कार्तिकातली वादळे आणि मुंबई

६ जून १८८२ रोजी मुंबईवर प्रचंड चक्रीवादळ आले आणि त्यात एक लाख माणसे दगावली, असे एक वाक्य जगातील मोठ्या आपत्तींच्या अनेक याद्यांमध्ये आढळते. या याद्यांतून ते इंटरनेटवर आणि तेथून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांत उतरले. तारीख आहे, आकडा आहे, त्यामुळे शंका घ्यावीशी वाटत नाही. पण हे वादळ झालेच नाही.

ते झाले नाही हे कसे ठरवायचे? वर्गात करून पाहण्यासारखी ही तपासणी आहे. १८८१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. म्हणजे दर आठ माणसांमागे जवळजवळ एक माणूस एका दिवसात गेला असला पाहिजे. १८९१ च्या शिरगणतीत हीच लोकसंख्या ८,२१,७६४ दिसते. एवढा घाव बसलेले शहर दहा वर्षांत काहीच न झाल्यासारखे वाढलेले दिसणार नाही. दुसरा पुरावा महाराष्ट्रातील शिक्षकांच्या अगदी ओळखीचा आहे. कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांच्यावरील खटल्याचा निकाल मुंबईत जुलै १८८२ मध्ये लागला आणि दोघांची रवानगी डोंगरीच्या तुरुंगात झाली. लाखभर माणसे बुडाल्यावर सहा आठवड्यांच्या आत त्याच शहरात अब्रूनुकसानीचा खटला शांतपणे चालावा, हे संभवत नाही. तिसरा पुरावा कुलाब्याचा. तेथील वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली आणि १८४१ पासून तेथे चुंबकीय व हवामानविषयक नोंदी नियमित होऊ लागल्या. लाखभर माणसे घेणारे वादळ शहरावरून जाईल आणि वेधशाळेच्या वायुभारमापकातला पारा खाली येणार नाही, असे घडत नाही. कोलंबिया विद्यापीठातील वातावरणशास्त्रज्ञ ॲडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मुंबईच्या वादळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनाही १८८२ च्या वादळाला आधार सापडला नाही. त्याआधी, २०१६ मध्ये, लेखक अमिताव घोष यांनी आपल्या पुस्तकात या गोष्टीकडे लक्ष वेधले होते.

खोटी गोष्ट खोडून काढली की काम संपले, असे येथे होत नाही. या खोट्या वादळाने खऱ्या वादळांची जागा अडवली आहे, असे आम्हांला वाटते. खोटे वादळ जूनमधले आहे आणि जूनमध्ये मुंबईकर तसाही छत्री उघडून तयार असतो. शहराच्या इतिहासातली खरी मोठी वादळे मात्र बहुतेक नोव्हेंबरात, थंडीच्या तोंडावर आलेली आहेत.

याचे कारण अरबी समुद्राच्या वेळापत्रकात आहे. चक्रीवादळाला खालून साधारण साडेसव्वीस अंशांहून उबदार पाणी लागते आणि वर शांत हवा लागते. ऐन पावसाळ्यात पाणी उबदार असते, पण खालच्या थरात नैर्ऋत्येचे आणि वरच्या थरात पूर्वेचे जोरदार वारे वाहत असल्यामुळे उभा राहू पाहणारा भोवरा मध्येच कापला जातो. ही कात्री मे-जूनमध्ये, म्हणजे मोसमी वारे स्थिरावण्याआधी, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ते परतल्यावर, बोथट असते. म्हणून वादळांचे हंगाम दोन. त्यातली बरीच वादळे पश्चिमेला ओमानकडे किंवा उत्तरेला गुजरातकडे जातात. एखादेच वळून कोकणाकडे येते. डिसेंबरपासून पुढे, खऱ्या थंडीत, धोका फारच कमी होतो.

नोव्हेंबर १८५४ मध्ये, दिवाळी होऊन गेलेली असताना, मुंबईला असेच एक वादळ लागले. काही तासांत बंदरातील जहाजांची आणि किनाऱ्यावरील मालमत्तेची अतोनात हानी झाली. त्या वेळी आगाऊ इशारा देणारी यंत्रणाच देशात नव्हती. १८६४ च्या वादळाने कलकत्ता उद्ध्वस्त केल्यानंतर १८६५ मध्ये तेथील बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था सुरू झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला आणि १८८६ मध्ये ही व्यवस्था देशातील सर्व बंदरांना लागू झाली. बंदरावर चढणारे बावटे आणि रात्रीचे लाल-पांढरे दिवे ही तिची भाषा. ‘बावटा लागला’ हे शब्द तेव्हापासून कोळीवाड्यांत रुळले.

पण बावटा दिसतो किनाऱ्यावरच्या माणसाला. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. सातशेहून अधिक माणसे गेली. त्यांत मॅट्रिकच्या परीक्षेला मुंबईस येणारी मुलेही होती, असे सांगितले जाते. बिनतारी संदेश अजून जन्मायचा होता. एकदा बंदर सुटले की जहाजावरच्या विजेच्या दिव्यांचा किनाऱ्याशी बोलायला काडीचाही उपयोग नव्हता.

विसाव्या शतकातले मुंबईचे सर्वांत मोठे वादळ २१ व २२ नोव्हेंबर १९४८ चे. स्वातंत्र्य मिळून सव्वा वर्ष झाले होते. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे दीडशे किलोमीटरपर्यंत गेला. झाडे उन्मळली, तारा तुटल्या, विजेवर चालणारे सारे काही थांबले. एव्हाना जहाजे बिनतारी यंत्रावरून निरीक्षणे कळवू शकत होती, पण वादळाला वरून पाहणारा डोळा नव्हता. पहिला हवामान उपग्रह १९६० मध्ये सुटला.

हे वादळ जूनमध्ये आले असते तर? गिरगावातल्या किंवा लालबाग-परळमधल्या जुन्या चाळीचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यात कौले शाकारायची, फुटकी बदलायची, पत्र्यांच्या कडांवर दगड ठेवायचे, गॅलरीला झड अडवायला बारदान किंवा ताडपत्री बांधायची, सरपण आणि कोळसा आत घ्यायचा. दसरा-दिवाळीला हे सगळे उतरते. ताडपत्र्या घडी होऊन माळ्यावर जातात, रंगसफेती होते, वाळवणे आणि अंथरुणे गच्चीवर येतात. बाहेर समुद्रावरही तसेच. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात गेलेल्या असतात आणि कार्तिकात मासेमारी ऐन भरात असते. थोडक्यात, शहराची सगळी तयारी पावसाची असते, वाऱ्याची नसते आणि वारा येतो तेव्हा पावसाचीही उतरवून ठेवलेली असते.

पावसाची आणि वाऱ्याची तयारी एक नव्हे, हे एका छोट्या गणिताने दाखवता येते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि ०.६ ने गुणा. उत्तर दर चौरस मीटरला किती न्यूटन ते मिळते. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याला हे उत्तर सुमारे ११६ न्यूटन, म्हणजे १२ किलो वजनाइतके येते. ताशी १५० किलोमीटरला वेग तिप्पट, पण दाब नऊपट, सुमारे १०६ किलो. छपराच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला पाच-सहा किलो. त्यातून छपराच्या कडेशी वारा वरून जाताना पत्रा दाबत नाही, उचलतो. पावसासाठी ठेवलेला दगड तेथे काय पुरणार? पत्रा वाशाला हुकाने, वासा भिंतीला पट्टीने आणि भिंत पायाला, अशी साखळी लागते. ती जेथे कच्ची तेथे तुटते. आज लालबाग-परळच्या चाळींच्या आणि गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे आहेत. त्यांची गणिते भारतीय मानकाप्रमाणे केली जातात आणि त्यात मुंबईसाठी पायाभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर, धरला आहे. मनोऱ्यांची आम्हांला तेवढी काळजी नाही. त्यांच्या पायथ्याशी अजून शिल्लक असलेल्या चाळींच्या पत्र्यांना आणि सिमेंटच्या पदपथात मुळे आवळली गेलेल्या झाडांना असले मानक कोणी लावत नाही.

गेल्या काही वर्षांत तीन वादळे मुंबईच्या जवळून गेली. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ मुंबई आणि अलिबाग यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. शहर वाचले, पण कोकणातले अनेक मच्छीमार परतले नाहीत. ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ श्रीवर्धनच्या बाजूला रायगडात घुसले. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ किनाऱ्यालगत उत्तरेला गेले, तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. त्याआधी कोविडच्या मोठ्या केंद्रांतून ५८० रुग्ण इतर रुग्णालयांत हलवण्यात आले होते. हे काम चांगले झाले. इशारा अनेक दिवस आधी मिळाला म्हणूनच ते होऊ शकले. त्याच इशाऱ्यानंतरही पी-३०५ हा तराफा भर समुद्रात, बॉम्बे हायच्या परिसरात राहिला आणि बुडाला. सत्तरहून अधिक कामगार गेले. १८८८ मध्ये बोटीपर्यंत निरोप पोचवायचे साधन नव्हते. २०२१ मध्ये साधन होते, निरोपही होता.

‘निसर्ग’ने मुंबईला फारसे छळले नाही, त्यामागे एक साधे शास्त्र आहे. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की वादळाचे केंद्र आपल्या डाव्या हाताला असते. केंद्र मुंबईच्या दक्षिणेला असेल तर शहरात वारा पूर्वेचा, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. तो पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो. केंद्र मुंबईच्या उत्तरेने जमिनीवर चढले तर तोच वारा पश्चिमेचा होतो आणि समुद्र गिरगाव चौपाटीवर, वरळीवर ढकलतो. त्यात भरतीची वेळ साधली तर एरवी पावसानेच तुंबणाऱ्या हिंदमातासारख्या सखल भागांतले पाणी समुद्रात जायला वाटच उरत नाही. ‘निसर्ग’ शंभर-सव्वाशे किलोमीटर उत्तरेला सरकले असते, तर ही दुसरी स्थिती आली असती.

१९४८ मध्ये जी मुले दहा-बारा वर्षांची होती, ती आता पंच्याऐंशीच्या पुढे गेली आहेत. दादर-परळच्या शाळांतील विद्यार्थ्यांच्या घरी किंवा शेजारी अशी माणसे अजून असतील. त्यांना ‘वादळ किती मोठे होते?’ असे विचारण्यात अर्थ नाही, सगळे ‘फार मोठे’ म्हणतील. विचारायचे ते असे : आधी कोणत्या बाजूची खिडकी आपटली आणि नंतर कोणत्या? वारा प्रथम पूर्वेचा असून मग उत्तरेकडे वळला, असे उत्तर आले तर केंद्र त्या घराच्या दक्षिणेने गेले. दक्षिणेचा वारा मग पश्चिमेचा झाला असेल तर केंद्र उत्तरेने गेले. आणि मध्ये काही वेळ वारा एकदम पडला होता, असे कोणी सांगितले तर त्या घराचा पत्ता नकाशावर टिपून ठेवावा. केंद्र बहुधा त्या छपरावरूनच गेले असेल.