मेंदूचा सूर

१९२४ सालच्या जुलै महिन्यांत जर्मनींतील येना येथें हान्स बर्गर नांवाच्या मानसचिकित्सकानें माणसाच्या मेंदूंत उठणारी विद्युत्‌लहर प्रथमच टिपली. त्याच वर्षीं लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं ‘कैवल्यधाम’ स्थापिलें. या दोन घटनांचा तेव्हां परस्परांशीं कांहींएक संबंध नव्हता. पण तेहतीस वर्षांनीं त्यांची गांठ पडावयाची होती.

कुवलयानंद खानदेशास परके नव्हते. जगन्नाथ गणेश गुणे या मूळ नांवानें ते अमळनेरास (नशिराबादेच्या मनुष्यास अमळनेर कितीसें दूर?) खानदेश एज्युकेशन सोसायटींत अध्यापक होते, व तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. १९२३ सालीं तें महाविद्यालय बंद पडलें, आणि या संस्कृतज्ञाचीं पावलें प्रयोगशाळेकडे वळलीं. वस्तुतः तीं आधींच वळलीं होतीं. १९२०-२१ मध्येंच बडोद्याच्या इस्पितळांत त्यांनीं उड्डियान व नौलि या क्रिया तपासण्यास आरंभ केला होता. नौलि करतांना मोठ्या आंतड्यांतील दाब खरोखरच उतरतो, हें त्यांनीं दाबमापक लावून दाखविलें. पोथींत लिहिलें आहे एवढ्यावर न थांबतां यंत्राची साक्ष काढावयाची, आणि ती ‘योग-मीमांसा’ त्रैमासिकांत छापून चारचौघांपुढें ठेवावयाची, हा त्यांचा बाणा होता.

१९५७ सालीं अमेरिकेंतून वेंगर व बसुकुमार बागची हे दोघे संशोधक मेंदूच्या लहरी टिपणारें सुटसुटीत यंत्र घेऊन हिंदुस्थानांत आले आणि लोणावळ्यासही त्यांनीं योगाभ्यासकांची तपासणी केली. पुढें १९६१ मध्यें दिल्लीच्या आनंद, छिना व सिंग यांनीं चार योग्यांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोळे मिटून मन स्वस्थ असलें म्हणजे मेंदूंत सेकंदास सुमारें ८ ते १३ आवर्तनांची आल्फा लहर उमटते. एरवीं कानाशीं मोठा आवाज झाला कीं ती मोडते. परंतु त्यांतील दोन योग्यांच्या ध्यानांत आवाज, प्रखर प्रकाश किंवा तापविलेल्या काचेच्या नळीचा स्पर्श, यांपैकीं कशानेंही ती मोडली नाहीं.

येथें आवाज विघ्न म्हणून आला होता. जो कामिया यानें त्याचा आरसा बनविला. शिकागो विद्यापीठांत १९५८ सालीं त्यानें प्रयोग आरंभिले. घंटा वाजतांच समोरच्या मनुष्यानें आपल्या मेंदूंत आल्फा आहे कीं नाहीं तें सांगावें, आणि उत्तर बरोबर कीं चूक तें त्यास लागलींच कळावें, अशी रीत होती. सरावानें तें ओळखतां येऊं लागलें. मग आल्फा असेपर्यंत सूर वाजावा, ती गेली कीं थांबावा, अशी योजना त्यानें केली. सतारीची तार उतरली हें कानाला कळतें, तेव्हांच खुंटी पिळतां येते. मेंदूची तार आंत होती, ती आतां कानावर आली.

चिंता व निद्रानाश यांवरील उपाय म्हणून हें तंत्र अर्थातच बाजारांत गेलें. मेंदूची लहर टिपून तिचाच प्रतिध्वनि तत्क्षणीं कानांत सोडणारीं यंत्रें आज विकलीं जातात. रात्र रात्र तळमळणारा मनुष्य कोणाच्याही हमीवर पैसे टाकावयास तयार असतो. म्हणून येथें साक्ष अधिकच कसून काढली पाहिजे. लहरींच्या शिक्षणापुरती ती साल्झबुर्गच्या संशोधकांनीं काढली. निद्रानाशाच्या रोग्यांस त्यांनीं कांहीं दिवस खरें व कांहीं दिवस लुटुपुटीचें शिक्षण दिलें. कोणतें केव्हां, हें त्यांस सांगितलें नाहीं. २०१७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. झोंप सुधारली असें रोग्यांनीं दोन्ही वेळां सांगितलें. परंतु रात्रीं डोक्यास लावलेल्या यंत्राच्या नोंदींत दोहोंपैकीं कशानेंही फरक पडलेला दिसला नाहीं.