एका ‘आम्ही’ची कुळकथा

परतूर तालुक्यातली आष्टी घ्या किंवा मराठवाड्यातलं दुसरं कुठलंही गाव घ्या. शाळेत राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना झाली की एखाद्या दिवशी एक हिंदी समूहगीत म्हटलं जातं. ‘हम होंगे कामयाब’ हे ते गाणं. चाल इतकी सोपी की पेटी-तबल्याचीही गरज पडत नाही, आणि पहिलीतलं पोरही शेवटचा सूर लांबवू शकतं. म्हणणाऱ्या बहुतेकांना ते परीक्षेतल्या यशाचं गाणं वाटतं. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटत होतं. पण त्याचं कूळ शोधत गेलं की आपण पोचतो अमेरिकेतल्या एका सिगारच्या कारखान्याच्या फाटकापाशी, संपावरच्या कामगार बायकांमध्ये.

त्याच्याही आधी ते देवळातलं, म्हणजे चर्चमधलं गाणं होतं. चार्ल्स अल्बर्ट टिंडली यांचा जन्म १८५१चा. वडील गुलाम होते. टिंडली आपलं आपण वाचायला शिकले. फिलाडेल्फियाच्या ज्या चर्चमध्ये त्यांनी झाडलोट केली, तिथेच पुढे ते धर्मगुरू झाले. १९००च्या सुमारास त्यांनी एक भक्तिगीत लिहिलं. त्याचा आशय असा, की आज दुःख आहे, पण मी एक दिवस त्यावर मात करीन. त्यातला ‘मी’ एकटा होता. देवासमोर उभा राहून तो स्वतःलाच धीर देत होता. काळ्या लोकांच्या चर्चमधली आणखीही जुनी गाणी पुढे या गीतात मिसळत गेली.

१९४५च्या ऑक्टोबरात साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरी सिगार कारखान्यातल्या कामगारांनी संप पुकारला. त्यांत काळ्या बायका बहुसंख्य होत्या. मागणी पगारवाढीची आणि माणसासारखं वागवण्याची होती. हिवाळाभर, पावसात भिजत त्यांनी फाटकावर पहारा दिला. दिवस संपताना ल्यूसिल सिमन्स नावाची कामगार बाई एक गाणं अगदी संथ लयीत म्हणायची. ते होतं चर्चमधलंच, फक्त ‘मी’च्या जागी आता ‘आम्ही’ आला होता. भक्तिगीताचं लढ्याचं गाणं झालं ते या एका शब्दाने.

टेनेसी राज्यात कामगार कार्यकर्त्यांसाठी ‘हायलँडर फोक स्कूल’ नावाची संस्था होती. संपातल्या बायका १९४६ साली तिथे गेल्या, तेव्हा झिल्फिया हॉर्टन यांनी ते गाणं त्यांच्याकडून उचललं आणि लोकगायक पीट सीगर यांना शिकवलं. १९५९ साली एका रात्री पोलिसांनी त्या संस्थेवर छापा घातला. दिवे गेलेले, हातात बॅटऱ्या घेऊन पोलीस खोल्यांतून फिरत होते. त्या अंधारात मॉन्टगोमेरीहून आलेल्या एका शाळकरी मुलीने गाण्यात नवं कडवं घातलं. भीती वाटत नसल्याचं ते कडवं. आपल्याकडची मुलं आज सकाळच्या उन्हात रांगेत उभी राहून निर्भयतेच्या ज्या ओळी म्हणतात, त्या खऱ्याखुऱ्या भीतीच्या पोटी जन्मल्या आहेत.

एप्रिल १९६०मध्ये रॅले शहरात काळ्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात गायक गाय कॅरावान यांनी हे गाणं म्हटलं, आणि मुलं एकमेकांचे हात धरून उभी राहिली. तिथून ते नागरी हक्कांच्या चळवळीचं गाणं झालं, ‘वुई शॅल ओव्हरकम’ या नावाने जगभर गेलं. १५ मार्च १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी काळ्यांच्या मतदानाच्या हक्काबद्दल बोलताना संसदेत तेच शब्द उच्चारले.

त्याचा हिंदी अवतार गिरिजाकुमार माथुर यांचा. अज्ञेयांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’ या हिंदी काव्यसंग्रहातल्या सात कवींपैकी ते एक. त्यांनी निवडलेला ‘कामयाब’ हा शब्द फारसी. त्यातल्या ‘काम’चा अर्थ इच्छा, आणि ‘याब’ म्हणजे मिळवणारा. निजामी अमलात राहिलेल्या आपल्या मुलखाला तो परका नव्हताच. शब्द गोड आहे, पण अर्थ थोडा सरकला. मूळ शब्द मात करण्याचा, आडवं आलेलं ओलांडून जाण्याचा. ‘कामयाब’मध्ये मिळवणं येतं, आडवं काय आलं होतं ते मागे राहतं. म्हणून ते गाणं निकालाच्या दिवसाला इतकं सहज चिकटलं.

आणि मराठी माणसापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो, जो इंग्रजीला पडत नाही आणि हिंदीलाही नाही. आपल्याकडे ‘हम’ दोन आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. चार्ल्सटनच्या बायका मालकाच्या फाटकासमोर गात होत्या, तेव्हा तो ‘आम्ही’ होता. संसदेत जॉन्सन तेच बोलले, तेव्हा त्यांना ‘आपण’ म्हणायचं होतं. या दोन शब्दांमधलं अंतर कापायला वीस वर्षं लागली.

मराठवाड्याला हे अंतर ठाऊक आहे. १९४६ सालीच डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची माहिती मागवली होती. आपल्याकडचे आंबेडकरी जलसे तरी काय करत होते? तमाशाचा बाज तोच, लोकांच्या ओठांवरच्या चाली त्याच, आत नवा आशय. टिंडलींसारखेच आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकही मोठेपणी अक्षर शिकले आणि गावोगाव गात फिरले. ‘आम्ही’ आणि ‘आपण’मधलं अंतर किती मोठं, ते पुढे दिसलं. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि दलित वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. आमच्या बाबासाहेबांचं नाव हवं, असं एक ‘आम्ही’ म्हणत होतं. आमच्या मराठवाड्याचं नाव पुसू नका, असं दुसरं. पण घरं जळत होती ती एकाच बाजूची, हे विसरून चालणार नाही. १९७९ साली नामांतरासाठी नागपूरहून लाँग मार्च निघाला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, आणि ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ या एका नावात ती दोन्ही नावं शेजारी बसली.

आष्टीचा जालना जिल्हा आजही याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो. परिपाठात हे गाणं म्हणणारी आष्टीची पोरगी उद्या इथूनच पदवीधर होईल, तेव्हा तिच्या पदवीवर ती दोन नावं एका ओळीत असतील. तिच्या गुरुजींनी तिला एवढं जरूर सांगावं, की बाळा, हे गाणं संपावरच्या बायकांनी घडवलं आणि त्यातली न भिण्याची ओळ तुझ्याच वयाच्या मुलीची आहे. मग विचारावं, यातल्या ‘हम’चं मराठी तू काय करशील? ती ‘आपण’ म्हणाली, तर शेजारच्या रांगेतल्या प्रत्येक मुलीचा हात तिला धरावा लागेल. या गाण्याचा अर्थ तेवढाच आहे.