थंडी, उकाडा आणि ताणाची संप्रेरके

मीरा-भाईंदर हे शहर उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर यांच्या कुशीत वसले आहे. येथे २००२ साली महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येने आठ लाखांचा टप्पा ओलांडला. समुद्राच्या सान्निध्यामुळे येथील हवा सहसा टोकाला जात नाही. मुंबईत सांताक्रूझ येथे जानेवारी १९६२ मध्ये पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता; तसा प्रसंग विरळाच. तरीही थंडी आणि उष्णता या दोहोंशी रोज सामना करणारी माणसे या शहरात आहेत. उत्तनच्या किनाऱ्यावर पहाटे बर्फात हात घालून मासळी निवडणारी कोळीण, भर दुपारी मिठागरात मीठ ओढणारा मजूर, भाईंदर पूर्वेच्या गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारा कारागीर आणि वातानुकूलित कार्यालयातून निघून गर्दीच्या लोकलमध्ये शिरणारा नोकरदार या सर्वांच्या शरीरात तापमानाचा हा बदल काही विशिष्ट रसायने नोंदवीत असतात. त्यांना 'ताणाची संप्रेरके' असे म्हटले जाते. हे नाव सोपे आहे, परंतु काहीसे फसवेही आहे.

एकच ताण की अनेक?

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीप्रमाणे बसलेल्या लहानशा ग्रंथींना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. या ग्रंथीचा आतला भाग अ‍ॅड्रिनॅलिन आणि काही प्रमाणात नॉरअ‍ॅड्रिनॅलिन ही संप्रेरके स्रवतो. बाहेरच्या आवरणातून कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके तयार होतात. नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा बराचसा भाग मात्र ग्रंथीतून येत नाही. तो सर्वांगात पसरलेल्या अनुकंपी मज्जातंतूंच्या टोकांतून येतो.

या दोन गटांची चाल वेगळी असते. अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन काही क्षणांत वाढतात आणि काही मिनिटांत ओसरतात. कॉर्टिसॉलसाठी मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून पोष ग्रंथीला आणि पोष ग्रंथीकडून अधिवृक्क ग्रंथीला निरोप जावा लागतो. त्यामुळे त्याची वाढ संथ असते आणि ओसरण्यासही तास-दीड तास सहज लागतो. कॉर्टिसॉलला स्वतःचा दिनक्रमही आहे. पहाटे ते चढू लागते, जाग आल्यानंतर अर्ध्या तासाच्या सुमारास उच्चांक गाठते आणि मध्यरात्रीच्या आसपास नीचांकाला येते.

हान्स सेली या शास्त्रज्ञाने १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्य यांपैकी काहीही उंदरांच्या वाट्याला आले तरी त्यांच्या शरीरात साधारण एकसारखेच बदल होतात आणि अधिवृक्क ग्रंथी फुगते, असे त्याने दाखविले. ताणाची आधुनिक संकल्पना येथूनच रूढ झाली. कारण कोणतेही असो, शरीराचे उत्तर एकच, हा त्या विचाराचा गाभा होता. पुढील संशोधनाने त्याला महत्त्वाची दुरुस्ती सुचविली. थंडीला आणि उष्णतेला शरीर एकच उत्तर देत नाही.

थंडीचे उत्तर

त्वचेवर गारवा जाणवताच तेथील संवेदी टोके हायपोथॅलॅमसला खबर देतात. गारवा आणि उष्णता टिपणारे हे रेणू ओळखण्याच्या कार्यासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. खबर पोहोचताच अनुकंपी मज्जातंतू नॉरअ‍ॅड्रिनॅलिन सोडतात. त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त शरीराच्या गाभ्याकडे वळते, रक्तदाब वाढतो. मानेजवळ आणि गळपट्टीच्या हाडांच्या आसपास असलेली तपकिरी चरबी ऊब निर्माण करू लागते. तेवढ्याने भागले नाही, तर स्नायू थरथरतात आणि हुडहुडी भरते.

चेक संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात तरुणांना १४ अंशांच्या पाण्यात मानेपर्यंत तासभर बसविण्यात आले. त्यांच्या रक्तातील नॉरअ‍ॅड्रिनॅलिन पाचपटीहून अधिक वाढले. कॉर्टिसॉल मात्र वाढले नाही. म्हणजे, थंडीशी झुंजण्याचे मुख्य काम नॉरअ‍ॅड्रिनॅलिन करते. कॉर्टिसॉल त्या झुंजीत असतेच असे नाही.

मग बर्फाळ पाण्यात पहिल्यांदा उतरणाऱ्याचे कॉर्टिसॉल का वाढते? फिनलंडमधील संशोधकांनी २००८ साली याचा उलगडा करणारी निरीक्षणे मांडली. आठवड्यातून तीन वेळा, असे बारा आठवडे काही स्त्रियांनी गोठणबिंदूजवळच्या पाण्यात काही सेकंद डुबकी घेतली. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन दर वेळी तसेच उसळत राहिले. कॉर्टिसॉलचे प्रमाण मात्र पहिल्या आठवड्याच्या तुलनेत पुढील आठवड्यांत उतरले. थंडी तीच होती; तिचे नवखेपण ओसरले होते.

उत्तनच्या कोळीवाड्याशी नाते सांगणारे एक निरीक्षण कॅनडातील आहे. क्वेबेक प्रांतातील गास्पे किनाऱ्यावरील मच्छीमारांचे हात वर्षानुवर्षे गार पाण्यात राबलेले असतात. ते बर्फगार पाण्यात बुडवून पाहिले असता, इतरांच्या तुलनेत त्यांची बोटे अधिक उबदार राहिली, वेदना कमी झाल्या आणि रक्तदाबही कमी चढला, असे १९६० साली नोंदविले गेले. हाताला सवय होते, असे कोळी समाजातील वडीलधारी माणसे सांगतात, त्याला असा शास्त्रीय आधार आहे. अर्थात, ही सवय हळूहळू जडते. हृदयविकार वा उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तीने एखाद्या सकाळी एकाएकी थंडगार पाणी अंगावर ओतून घेतल्यास नॉरअ‍ॅड्रिनॅलिनची लाट आणि त्यापाठोपाठ चढणारा रक्तदाब धोक्याचा ठरू शकतो. हिवाळ्यात अनेकांचा रक्तदाब थोडा वर राहतो, त्यामागेही रक्तवाहिन्यांचे हेच आकुंचन असते.

उष्णतेचे उत्तर

उष्णतेत याच्या उलट घडते. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त पृष्ठभागाकडे धावते. घाम सुटतो. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. अट एवढीच की घाम वाळला पाहिजे. खाडीकाठच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसताच ओघळतो. पाणी आणि मीठ जाते, पण गारवा मिळत नाही. म्हणूनच हवामान खाते मैदानी प्रदेशात ४० अंशांचा, तर किनारपट्टीवर ३७ अंशांचा टप्पा धरून उष्णतेच्या लाटेचा विचार करते.

या लढाईतील मुख्य शिपाई म्हणजे पाणी आणि मीठ राखणारी संप्रेरके. पोष ग्रंथीतून येणारे व्हासोप्रेसिन मूत्रपिंडांना पाणी रोखावयास लावते. म्हणून उन्हात लघवी कमी आणि गडद होते. अधिवृक्क ग्रंथीचे अल्डोस्टेरॉन लघवीतून आणि घामातूनही मीठ वाचविते. नॉरअ‍ॅड्रिनॅलिनही वाढते, पण त्याचे काम येथे निराळे असते. त्वचेकडे वळलेल्या रक्तामुळे रक्तदाब कोसळू नये, म्हणून ते पोटातील अवयवांचा रक्तपुरवठा आवरते आणि हृदयाची गती वाढविते.

अल्डोस्टेरॉनच्या या कामगिरीमागे एक इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उष्ण प्रदेशात लढणाऱ्या सैनिकांसाठी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे जेरोम कॉन हे उष्णतेची सवय कशी होते याचा अभ्यास करीत होते. काही दिवस उष्णतेत राबलेल्या माणसाच्या घामातील मीठ कमी होत जाते, असे त्यांना आढळले. अधिवृक्क ग्रंथीचे मीठ राखणारे संप्रेरक यामागे असावे, असा त्यांचा कयास होता. अल्डोस्टेरॉन १९५३ साली शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. त्यानंतर १९५५ मध्ये कॉन यांनी हेच संप्रेरक अतिरिक्त स्रवल्याने होणाऱ्या उच्च रक्तदाबाच्या विकाराचे वर्णन केले, आणि तो विकार आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. मिठागरात मीठ पिकविणाऱ्या मजुराच्या शरीरात मिठाचा कण न्‌ कण राखण्याची खटपट चालू असते, ती या संप्रेरकाच्या बळावर.

कॉर्टिसॉल केव्हा वाढते?

उष्णतेत कॉर्टिसॉलचे वागणे सर्वांत बोलके आहे. अमेरिकी संशोधक जॉन मेसन यांनी १९७१ साली सेलीच्या सिद्धांताची फेरतपासणी मांडली. माकडांना एकाएकी उष्णतेत न लोटता तापमान सावकाश चढविले, तर त्यांचे कॉर्टिसॉलसदृश संप्रेरक वाढत नव्हते; उलट थोडे उतरत होते. उष्णता एकाएकी आली, तर ते वाढत होते. मेसन यांच्या मते, ग्रंथीला चेतविण्यात नुसत्या तापमानाचा नव्हे, तर अचानकपणाचा, अनोळखीपणाचा आणि अस्वस्थतेचा वाटा मोठा होता.

माणसातही असेच दिसते. सुसह्य उष्णतेत स्वस्थ बसलेल्या व्यक्तीचे कॉर्टिसॉल फारसे हलत नाही. अंगमेहनतीने शरीराच्या गाभ्याचे तापमान एक-दीड अंशाने चढू लागले, पाणी कमी पडू लागले, थकवा साचला की ते वर जाते. तेव्हा कॉर्टिसॉल हे तापमापक नव्हे. शरीराची नेहमीची साधने अपुरी पडू लागली आहेत, याची ती सूचना आहे. त्या स्थितीत साखर उपलब्ध करून देणे, रक्तवाहिन्यांना नॉरअ‍ॅड्रिनॅलिनला प्रतिसाद देण्यास सज्ज ठेवणे, दाह आवरणे ही त्याची कामे जीव वाचविणारी असतात. अधिवृक्क ग्रंथी निकामी करणाऱ्या अ‍ॅडिसनच्या विकारात कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही पुरेसे तयार होत नाहीत. अशा रुग्णाला साधा कडक उन्हाळाही भोवू शकतो. त्यामुळे कॉर्टिसॉलला सरसकट शत्रू ठरविणे आणि ते 'घालविण्यासाठी' बर्फाच्या पाण्यात उतरणे या दोन्ही गोष्टींना आधार तोकडा आहे.

सवय आणि सवड

या साऱ्यातून शहराच्या दृष्टीने दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे सवय. उष्णतेची सवय होण्यास साधारणपणे एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातील मीठ घटते, रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, हृदयाचे ठोके आणि गाभ्याचे तापमान आटोक्यात राहते. काम थांबले की ही कमाई काही आठवड्यांत ओसरते. गावाहून नुकताच आलेला मजूर, आजारपणानंतर परतलेला कारागीर आणि हंगामातील पहिली उष्ण लाट यांचा मेळ त्यामुळेच घातक ठरतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था 'नायोश' नव्या कामगाराला पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या वेळेच्या २० टक्केच काम द्यावे आणि रोज २० टक्क्यांहून अधिक वाढवू नये, अशी शिफारस करते.

दुसरी गोष्ट सवडीची. थकल्यावर सावलीत बसता येणे, तहान लागण्यापूर्वी पाणी मिळणे, काम कधी थांबवायचे हे आपल्या हाती असणे यांनी शरीराचे तापमान आणि संप्रेरकांची चढती कमान दोन्ही आवरतात. ज्याची मजुरी नगावर ठरते, त्याला ही सवड स्वतःहून घेता येत नाही. तेथे सावली, पाणी आणि विश्रांतीची वेळ ठरविण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर येते. खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात तासन्‌तास बसलेल्यांपैकी १४ जणांचा बळी गेला. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर पारा सुमारे ३८ अंश होता. चाळिशी न गाठलेली दमट उष्णताही सावली आणि सवड नसेल तर किती निर्दय ठरते, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले.

लक्षात ठेवावे असे

उन्हात काम करणाऱ्यांनी तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. घाम फार गेला असेल तर ताक, मीठ घातलेले लिंबू सरबत किंवा जीवनरक्षक क्षारांचे द्रावण घ्यावे. उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचे वा हृदयाचे विकार असणाऱ्यांनी मीठ वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. लघवी वाढविणारी आणि हृदयाची गती आवरणारी औषधे उष्णतेला शरीर देत असलेल्या उत्तरात अडथळा आणतात. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांची मात्रा तपासून घेणे इष्ट. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असतात, म्हणून ती औषधे मनाने एकाएकी बंद करू नयेत.

कडक उन्हात एखादी व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, झोकांड्या खाऊ लागली किंवा बेशुद्ध झाली, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी गाफील राहू नये. तिला सावलीत न्यावे, अंगावरील जाड कपडे काढून पाणी ओतावे, वारा घालावा, शुद्ध हरपली असल्यास तोंडाने काही पाजू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णवाहिका येईपर्यंत अंग गार करणे थांबवू नये. या अवस्थेत संप्रेरकांचे सारे उपाय संपलेले असतात आणि पुढचे काम भोवतालच्या माणसांनी करावयाचे असते.