पोथीतले ताट आणि घरातले ताट



इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. आज आम्ही आपणांस इतिहासाच्या स्वयंपाकघरात नेणार आहोत. अन्नावर लिहिण्याची हौस आपल्या समाजाला फार जुनी आहे. पण लेखणी हाती घेणाऱ्याने कोणता पदार्थ लिहावयाचा व कोणता सोडावयाचा हे कशावरून ठरविले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आजचे व्याख्यान त्या प्रश्नापुरतेच आहे.

आरंभ कल्याणीच्या चालुक्यांपासून करू. तिसरा सोमेश्वर या राजाच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११३० च्या सुमाराचा. त्याच्या पाच विंशती, आणि प्रत्येकीत वीस अध्याय. तिसऱ्या विंशतीत राजाचे उपभोग सांगितले आहेत व त्यांत अन्नभोगाचे प्रकरण आहे. तेथे मांडे आहेत, पोळी आहे, वडे आहेत. आजच्या डोशाचा पूर्वज धोसक आणि इडलीची पूर्वज इडरिका आहे. ही इडरिका मात्र उडदाची; तांदळाशी तिची सोयरीक पुढे जमली. तिखटपणासाठी मिरी व आले आहे, स्वादाला हिंग आहे. मिरची नाही, कारण ती अमेरिकेतून यावयाला अद्याप चार शतके होती. म्हणजे एका राजाने लिहून ठेवले म्हणून आपल्याला कळते की, ज्या मिरचीवाचून आपला ठेचा होत नाही आणि ज्या बटाट्यावाचून उपवास निभत नाही, ती दोन्ही पाहुणी आहेत.

आणि एक गोष्ट ऐकून आपणांस नवल वाटेल. याच राजग्रंथात शेतातले व नदीकाठचे काळे उंदीर भाजून करावयाची कृतीही आहे! राजाला लोकलज्जेची भीती नव्हती. जे त्याच्या मुदपाकखान्यात शिजले ते त्याने लिहविले. परंतु त्याच्या राज्यातील कुणबी संध्याकाळी कशाशी भाकरी खात होता, ते त्या शंभर अध्यायांत शोधू जाल तर हाती फारसे लागणार नाही. ते ताट राजापुढे आलेच नव्हते.

सतराव्या शतकात रघुनाथसूरी नवहस्त या पंडिताने 'भोजनकुतूहल' रचले. ग्रंथ संस्कृत, पण त्यात आपल्या ओळखीची मराठी नावे डोकावतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी अशा ग्रंथांचा बारकाईने अभ्यास करून पदार्थांचा इतिहास लावण्याचा मार्ग घालून दिला. तंजावरास दुसऱ्या सरफोजीच्या नावाने 'सरभेंद्र पाकशास्त्र' मराठीत झाले. पुढे छापखाना आला आणि पाकशास्त्र राजवाड्यातून मध्यमवर्गाच्या माजघरात उतरले. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' निघाले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया'. आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा', ज्याने वाटी-चमच्याच्या मापाने घरोघर स्वयंपाक शिकविला. ही पुस्तके लेकीच्या सासरी जाणाऱ्या सामानात गेली, यातच त्यांचे मोठेपण आले.

आता या परंपरेत वगळले काय गेले व का, ते पाहू. आमच्या मते कारणे तीन. पहिले, लिहिणारा आपल्या ताटात येते तेच लिहितो. दुसरे, जे करावयास कठीण तेच शिकविण्याजोगे वाटते. अनारशाला कृती लागते. भाकरी थापावयाला पुस्तक कशाला? ती तर आईच्या शेजारी बसून येते. पण आईच्या शेजारी बसणेच जेव्हा थांबते, तेव्हा सोपा पदार्थ आधी हरवतो. तिसरे कारण सांगावयास संकोच वाटतो, पण तेच खरे कारण. कित्येक पदार्थ लाजेने लिहिले गेले नाहीत.

१९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली, रेशनवर परदेशातली मिलो ज्वारी आली. त्या ज्वारीच्या भाकरीवर महाराष्ट्राने ते वर्ष काढले. परंतु पाककृतींच्या पुस्तकांत ते वर्ष सहसा दिसत नाही. त्याहून मोठे मौन होते गावकुसाबाहेरच्या चुलीविषयी. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातील दलितांचे अन्न पुस्तकात आणले. वजडी, रक्ती, वाळविलेल्या मांसाच्या चान्या यांना तेथे कृतीसह मान मिळाला. जेवणापूर्वीच्या श्लोकातला एकच शब्द पालटून त्यांनी जणू सगळ्या पंक्तीला विचारले की, आमचे अन्न तुमच्या पूर्णात कधी धरले होते काय? 'मानसोल्लासा'तील उंदीर ग्रंथात बसतात आणि गरिबाची वजडी नऊशे वर्षे ताटकळते, याला पाकशास्त्र म्हणावे की समाजशास्त्र, ते श्रोत्यांनीच ठरवावे.

दुसऱ्यांना दोष देऊन आम्ही मोकळे होत नाही. आमची आजी थकली तेव्हा आम्ही मोठ्या उत्साहाने वही घेऊन तिच्यापुढे बसलो. पुरणपोळी उतरवून घेतली, अनारसे घेतले, दिवाळीचे सारे घेतले. पावसाळी संध्याकाळी ती जे हुलग्याचे माडगे करी, ज्यावर आम्ही सारी भावंडे वाढलो, ते मात्र लिहून घेण्याचे कोणालाच सुचले नाही. त्यात लिहावयाचे ते काय, असे आम्हांला वाटले! आज वहीतल्या अनारशाच्या दहा कृती कोठेही मिळतील. ते माडगे आता मिळणार नाही. आमच्याच घरात आम्ही तो सोमेश्वराचा दरबार भरविला होता.

म्हणून, श्रोतेहो, ज्यांना अन्नावर लिहावयाचे आहे त्यांना आमचे इतकेच सांगणे. सणाचे ताट लिहावयास पुष्कळ लोक आहेत. आपण मंगळवारचे ताट लिहा. कोणी रांधले, कोण शेवटी जेवले, जिन्नस शेतातून आला की उसनवारीने, हेही त्यासोबत लिहा. चव कागदावर उतरत नाही हे खरे. पण ते कोणाच्या वाट्याला किती आले, हे उतरते. आज घरी गेल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या बाईला पक्वान्न विचारू नका. काही नसताना ती काय करीत असे, ते विचारा. तिचे उत्तर लिहून घ्या, आणि माप विचारावयास विसरू नका.