कुत्र्याची भाकरी

मंडळी, पंधरा दिवस इथं काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी फोन करून विचारलंही, "तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. घरात एक पाहुणा आलाय आणि तो जेवत नाही, एवढंच.

पाहुण्याचं नाव बिट्टू. वय सहा महिने, जात गावठी. पुण्यात नातीला सोसायटीच्या फाटकाशी सापडला. चिरंजीवांना चार महिने कामासाठी बाहेरदेशी जावं लागलं, तेव्हा बिट्टूची पिशवी, त्याच्या कोरड्या खाण्याचं पोतं आणि सूचनांचा एक कागद असं सगळं श्रीरामपूरला आमच्या ओट्यावर आलं. पहिला आठवडा गडी वाडगं चाटूनपुसून साफ करायचा. मग एके दिवशी त्यानं वाडगं हुंगलं, माझ्याकडं पाहिलं आणि सरळ जाऊन तुळशीपाशी आडवा झाला. दुसऱ्या दिवशी तेच. दूध घालून दिलं, दूध तेवढं चाटलं. आमच्या सौ.नी भात-वरण कालवलं, एक दिवस खाल्लं, दुसऱ्या दिवशी त्यालाही नकार. बिस्किट मात्र हातातून अलगद घेई.

पाचव्या दिवशी माझा तोल गेला. "एवढा माज?" असं ओरडून मी वाडगं पायानं सरकवलं. ते भिंतीवर आपटलं, बिट्टू पलंगाखाली शिरला आणि सौ. काही न बोलता माझ्याकडं बघत राहिल्या. तो शब्द, 'माज', मी नेमका असाच एकदा बावन्न-त्रेपन्न वर्षांपूर्वी वापरला होता. तेव्हाही समोर कुत्रंच होतं.

ती गोष्ट सांगायचीच आहे, पण जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस सरळ मुद्द्यावर येईल कसा? तेव्हा जरा मागून येतो.

आपल्याकडं कुत्र्याच्या खाण्याला जुन्या काळापासून जागा ठरलेली आहे, आणि ती जमिनीवर आहे. घरात वैश्वदेव झाला की गायीचा घास, कावळ्याचा, कुत्र्याचा, मुंग्यांचा असे भाग काढत. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कुत्र्याचं अन्न जमिनीवर हळूच ठेवावं असं सांगितलंय. फेकू नये, हळूच ठेवावं. वाचून बरं वाटतं. पण त्याच श्लोकात कुत्र्याच्या आणि कावळ्याच्या रांगेत काही माणसांनाही बसवलंय, हे वाचलं की ते बरं वाटणं टिकत नाही. वर्गात हे शिकवताना मी दोन्ही सांगत असे.

आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर, पण माझी जीभ अजून वळत नाही) कुत्र्याला एक मानाचा दिवसही आहे. मार्गशीर्षातली चंपाषष्ठी. खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा, आणि त्यातला वाटा देवाच्या कुत्र्याला. माझी आजी त्या दिवशी कुत्र्याला हाका मारमारून बोलवायची. बाकी तीनशे चौसष्ट दिवस त्याला 'हाड'. (भरितात कांदा असतो आणि कांदा कुत्र्याला बाधतो, हे मला आता या वयात कळलं. रोडगा चालतो.)

आमच्या इथून फार लांब नाही, प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. शाळेच्या सहली मी तिथं बऱ्याच नेल्या. मुलांची निराशा व्हायची, कारण बघायला पांढरीच्या टेकाडाशिवाय काही नाही. १९५८ साली बोपर्डीकरांनी ही जागा हुडकली, पुढं पुरातत्त्व खात्यानं तीनदा उत्खनन केलं, पण तिचं नाव झालं ते १९७४ मध्ये. छबू लक्ष्मण भिल यांना तिथं जमीन खणताना काशाच्या चार मूर्ती सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि एक रथ. चारींचं मिळून वजन साठ किलोच्या वर! रथ हातभर लांब, ४५ सेंटिमीटर. दोन बैल जुंपलेले, मागं उभा राहून हाकणारा माणूस, आणि मधल्या दांडीवर एक कुत्रं उभं आहे. मूर्ती नेमक्या कोणत्या काळातल्या यावर जाणकारांत वाद आहे, पण साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या असाव्यात असं बहुतेक मानतात.

मुलांना मी विचारायचो, "हत्ती-गेंड्याचं सोडा, कारागिरानं त्या दांडीवर कुत्रं का उभं केलं असेल?" एकदा एका पोरानं उत्तर दिलं, "सर, ते उतरायलाच तयार नसंल." याहून चांगलं उत्तर मला आजवर कुणा पुस्तकात मिळालेलं नाही.

ते कुत्रं काय खात असेल? दायमाबादला जव आणि मसुराचे दाणे सापडलेत. म्हणजे घरच्यांचं उरलंसुरलं, तेच त्याचं. यात विज्ञानाचीही एक गंमत आहे. २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी लांडग्यांचे आणि कुत्र्यांचे जनुक ताडून पाहिले. धान्यातला पिष्टमय भाग पचवायला जो पाचकरस लागतो, त्याच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. थोडक्यात, माणूस शेती करू लागला आणि त्याच्या उंबऱ्याशी बसून कुत्रं भाकरी पचवायला शिकलं.

आता बाहत्तरचा दुष्काळ.

आमचं मूळ गाव पाथर्डी तालुक्यात. मी नुकता बी.ए. होऊन शेजारच्या गावी शाळेत लागलो होतो. रोज सायकलनं जाऊन येऊन. ओळीनं दोन वर्षं पाऊस कमी झाला होता, बाहत्तरला तर त्यानं तोंडच फिरवलं. विहिरींचे तळ दिसले. दुष्काळी कामं निघाली, खडी फोडायची, पाझर तलावांची, रस्त्यांची. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर ५० लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. माझी आई त्यातलीच एक. मास्तरची आई खडी फोडायला जाते म्हणून मला लाज वाटायची, हेही लिहून टाकतो. माझ्या एकट्याच्या पगारात सात माणसांचं भागत नव्हतं.

खायला रेशनवरची मिलो. ज्यांनी ती खाल्ली त्यांना सांगायला नको. लहानांसाठी सांगतो. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, तिकडं ती मुख्यतः जनावरांना घालतात. भाकरी थापायला गेलं की कडा फाटायच्या, रंग विटकरी, चव तुरट. आपल्या मालदांडीची सवय असलेल्या तोंडाला ती चव म्हणजे शिक्षाच. कामावर सुकडी मिळे, ती गोड असल्यानं बायका पदरात बांधून पोरांसाठी घरी आणत.

आमच्याकडं मोत्या नावाचा कुत्रा होता. पांढरा, एक कान काळा, वर्षा-दीड वर्षाचा. एरवी काहीही खाणारा. एका संध्याकाळी मी शाळेतून आलो. वर्गात त्या दिवशी दोन पोरं चक्कर येऊन पडली होती. आईनं मोत्यापुढं मिलोची चतकोर टाकली होती, तिच्या स्वतःच्या वाट्यातली. मोत्यानं ती हुंगली आणि मान फिरवली. माझ्या डोळ्यापुढं ती दोन पोरं आली. कोपऱ्यातली काठी घेतली आणि "एवढा माज?" म्हणत दोन-तीन घातल्या. मोत्या ओरडला नाही. फक्त बाजूला होऊन उभा राहिला.

आई चुलीपासून उठली नाही. म्हणाली, "त्याला कशापायी मारतो रे? आपल्याला तरी कुठं गोड लागती? त्यानं काय केलं सांग."

मला काही सांगता आलं नाही.

त्या रात्री मोत्या घरी नव्हता. पुढं आठ-दहा दिवस तो खडीच्या कामावर दिसायचा म्हणे, बायका त्याला सुकडीचा भुगा टाकायच्या. आईमागं घराच्या वळणापर्यंत यायचा आणि तिथून परत फिरायचा. मग दिसेनासा झाला. दुष्काळात माणसांचा पत्ता लागत नव्हता, कुत्र्याचा कोण लावणार? आई काही दिवस ओट्याच्या कोपऱ्यात चतकोर ठेवत होती. हळूच ठेवायची.

पुढं मी महाभारत नीट वाचलं, तेव्हा आदिपर्वाच्या सुरुवातीलाच अडखळलो. जनमेजयाच्या यज्ञात एक पिलू येतं, राजाचे भाऊ त्याला मारतात. पिलू रडत आईकडं, सरमेकडं जातं. ती येऊन विचारते, 'यानं हविर्द्रव्याला तोंड लावलं नाही, त्याकडं पाहिलंदेखील नाही, मग मारलं का?' त्यावर कुणीही उत्तर देत नाही. मग ती शाप देते. शेवटी धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला नकार देतो, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. हे सुरुवातीचं पिलू कुणाच्या लक्षात राहत नाही. माझ्या राहिलं. त्या उत्तर न देणाऱ्या भावांमध्ये मी स्वतःला बरेचदा उभं केलंय. आमच्या घरात शाप कुणी दिला नाही, प्रश्न तेवढा राहिला.

तर असो. वाडगं आपटल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बिट्टूला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. तरुण बाई होत्या, पण बोलण्यात एकदम हेडमास्तर. त्यांनी आधी तोंड उघडून दात पाहिले, हिरड्या पाहिल्या, जंताचं औषध कधी दिलं ते विचारलं, वजन केलं. मग म्हणाल्या, "काका, कुत्रा ठणठणीत आहे. याला दिवसभर काय काय देता?"

मी गप्प. सौ.नी सगळं सांगितलं. सकाळी माझ्या चहाबरोबर दोन बिस्किटं. फिरायला गेलो की बाकावरच्या मित्रांकडून एकेक. दुपारी शेंगदाणे. रात्री जेवताना पोळीचा तुकडा, दुधात बुडवून. "आणि परवा पेढा दिला," ही भर त्यांची.

डॉक्टरबाई हसल्या. त्यांचं म्हणणं असं. पाच-सहा महिन्यांनंतर पिलाची वाढ मंदावते, भूक आपसूक कमी होते. दात बदलत असतात तेव्हाही ती नखरे करतात. त्यात मालक घाबरून रोज नवा पदार्थ पुढं करतो आणि पिलू शिकतं की नाही म्हटलं की काहीतरी चांगलं येतं. उपाय सोपा. दोनच वेळा, ठरलेल्या वेळी, वाडगं ठेवायचं. वीस मिनिटांनी काही न बोलता उचलायचं, मधे काही नाही. पाणी मात्र कायम. जुलाब, उलट्या झाल्या, मलूल दिसला किंवा पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर लगेच घेऊन या. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट कधीच नाही.

"आणि समोर बसून बघत राहू नका. त्याला दडपण येतं."

हे ऐकून मला एकदम आमचा नगरचा किल्ला आठवला! ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे पुढारी तिथं आणून ठेवले, त्यांत मौलाना आझाद होते. त्यांच्या 'गुबार-ए-खातिर' मध्ये, १९४६ साली ते छापलं गेलं, खोलीतल्या चिमण्यांची गोष्ट आहे. आधी मौलानांनी घरटी करणाऱ्या चिमण्यांशी लढाई केली, हरले, मग तह केला. तांदळाचे दाणे टाकून स्वतः दगडासारखे बसून राहिले, जणू आपलं लक्षच नाही. चिमण्या हळूहळू जवळ आल्या आणि शेवटी हातावरचं खाऊ लागल्या. काँग्रेसचे अध्यक्ष ते, देश पेटलेला, आणि तुरुंगात माणूस चिमण्यांकडं न बघण्याचा अभ्यास करतोय. डॉक्टरबाईंना मी हे सांगायला लागलो, पण बाहेर एक म्हैसवाले ताटकळत होते.

पहिला दिवस कठीण गेला. माझ्यासाठी. सकाळी वाडगं ठेवलं, मी 'लोकसत्ता' तोंडापुढं धरून बसलो. बिट्टूनं हुंगलं आणि गेला. वीस मिनिटांनी उचललं. दिवसभर तो माझ्या खिशाकडं बघत होता. बाकावरच्या मित्रांनी मला कंजूष ठरवलं. दुपारी हात बिस्किटाच्या डब्याकडं गेला तेव्हा सौ.नी नुसतं "अहो" म्हटलं. संध्याकाळी अर्धं खाल्लं. तिसऱ्या दिवशी पेपरच्या पलीकडून कुरकुर आवाज आला, तो मी श्वास रोखून ऐकला. पेपर खाली केला नाही.

आता डॉक्टरांच्या परवानगीनं कोरड्या खाण्यात रात्रीची चतकोर भाकरी चुरून घालतो. मालदांडीची, घरच्या जात्यावर नाही पण गिरणीतून ताजी दळून आणलेली. रोज रात्री नातीचा फोन येतो. पहिला प्रश्न, "आबा, बिट्टू जेवला?" आजचं उत्तर असं, की सकाळी सगळं खाल्लं, रात्री भाकरी वेचून खाल्ली आणि विकतचं बाजूला ठेवलं. वाडगं उचललंय. उद्या सकाळी आठला पुन्हा.